अर्ध्या सेंटवरचे तीन ठिपके

बेथेल गावच्या नाणे मंडळाच्या फळ्यावर एका कोपऱ्यात वेंडेल क्राउसने पंचवीस वर्षांपूर्वी एक नियम लिहून ठेवला, तो अजून कुणी पुसलेला नाही. नाणं हातात असेल तोवर तोंड बंद. बघायचं, खाली ठेवायचं, आणि मग काय बोलायचं ते बोलायचं. चांदी एक वेळ सोसते, सोनं तर कुणाला दाद देत नाही, पण तांबं सगळं मनाला लावून घेतं. बोलता बोलता थुंकीचा सुईच्या टोकाएवढा थेंब त्यावर उडाला, तर त्या वेळी काहीच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी बरोबर त्याच जागी काळा ठिपका उमटतो, आणि तो मग जन्मात जात नाही. घासून काढावा तर नाणंच जातं. तांब्याची भांडी चिंच लावून लखलखीत करणाऱ्या बायकांची हकिकत या मंडळींना कुणी सांगितली, तर त्यातल्या निम्म्यांना भोवळ येईल.

मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी लुथरन चर्चच्या तळघरात जमतं. वीस-बावीस जण. बहुतेकांच्या डोक्यावर केस नाहीत, आणि ज्यांच्या आहेत त्यांना त्याचा फार अभिमान आहे. वेंडेल हायस्कुलात सुतारकाम शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. एखाद्या नाण्याच्या दर्जावरून दोघांचं वाजलं, की नाणं मास्तरांपुढे यायचं. मास्तर भिंग लावायचे, तोंड मिटून मिनिटभर बघायचे, नाणं मखमलीवर ठेवायचे आणि निकाल द्यायचे. निकालावर अपील नाही. माणूस वाईट नव्हता, पण पंचवीस वर्षं शेवटचा शब्द आपलाच असला की त्याची चटक लागते, आणि ही चटक तंबाखूपेक्षा वाईट.

त्या वर्षी जानेवारीत वेंडेलने वरची कवळी नवी करून घेतली. ती नीट बसत नव्हती. ‘स’ आणि ‘श’ आले की ओठाशी फवारा उडायचा. दुकानातल्या पोरीने एकदा हळूच गाल पुसलेला त्याने पाहिला होता, आणि तेव्हापासून तो रुमाल हातात धरूनच बोलायचा. दंतवैद्याकडे परत जायचं तो पुढे ढकलत होता. बायको असती तर तिने हाताला धरून नेलं असतं, पण तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

मर्ल यॉस्ट हा त्याचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला, अंगाने रुंद, बोलायला सावकाश. गेल्या शरद ऋतूत मर्लने आपली मासे पकडायची होडी विकली आणि त्या पैशात एक अर्धा सेंट, म्हणजे जुनं तांब्याचं नाणं, घेतला. साल १८२५. तसं म्हटलं तर १८२५चा अर्धा सेंट काही फार दुर्मीळ नाही. झिजलेला, काळवंडलेला, त्यावर कोरलेल्या मुलीच्या गालाचं सपाट मैदान झालेला असा कुठल्याही प्रदर्शनात मिळतो. पण टाकसाळीतून पडला तेव्हाचा लाल रंग अंगावर घेऊन दोनशे वर्षं टिकलेला अर्धा सेंट बघायला मिळणं हे नशीब. दुर्मीळ नाणं नव्हे, दुर्मीळ त्याची तब्येत. एवढी वर्षं त्याला कुणीही खिशात टाकलं नाही, ओल्या बोटांनी धरलं नाही, त्याच्या तोंडावर शिंकलं नाही, याचंच ते मोल.

फेब्रुवारीत एका दुपारी मर्लने वेंडेलला बोलावून घेतलं. बाहेर गुडघाभर बर्फ होता. जेवणाच्या टेबलावर दिवा ओढून घेतलेला, खाली हिरवी मखमल. मर्लने कागदी पाकीट उघडलं, त्यातून सुती अस्तराची इवलीशी पिशवी काढली, आणि पिशवीतून नाणं तळहातावर न पडू देता कडेने दोन बोटांत धरून वेंडेलच्या दोन बोटांत दिलं.

“बघ सावकाश,” मर्ल म्हणाला. “मी कॉफी टाकतो. नॉर्मा साखर शोधतेय सकाळपासून.”

स्वयंपाकघरातून मर्लच्या बायकोचा आवाज आला, “शोधत नाहीये, सापडलीय. फ्रीजमध्ये होती. तूच ठेवली असशील.”

“हो, मीच ठेवली असेन,” मर्ल म्हणाला आणि आत गेला.

वेंडेलने भिंग डोळ्याला लावलं. मुलीच्या केसांचा एकेक कुरळा वळसा सुटा होता. कपाळावरच्या पट्टीची अक्षरं कोरीव होती. गालावर धूळसुद्धा नव्हती, आणि त्या सगळ्यावर तो लाल रंग होता, नुकत्याच सोललेल्या तांब्याच्या तारेचा. वेंडेलने आयुष्यात हजारो नाणी पाहिली होती. असं त्याच्या हातात कधी आलं नव्हतं, आणि या वयात पुन्हा येणारही नव्हतं.

“शाब्बास,” तो म्हणाला. “सुरेख. सुरेख.”

रुमाल खिशात होता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मास्तर नाणं हातात असताना बोलले. भिंग अजून डोळ्यालाच होतं, म्हणून त्याला सगळं स्वच्छ दिसलं: मुलीच्या गालावर तीन बारीक थेंब, दिव्याखाली चमकणारे.

अशा वेळी काय करायचं हे त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं. लगेच नाणी धुवायच्या द्रावणात बुडवायचं, मऊ कुंचल्याने हलकेच फिरवायचं, दोन मिनिटांचं काम. बाटली मर्लच्या फडताळात, हाताच्या अंतरावर होती. हाक मारून एवढंच म्हणायचं होतं, ‘मर्ल, माझ्या तोंडून उडालं, बाटली काढ.’ मर्लने चार शिव्या हासडल्या असत्या, नाणं धुतलं असतं आणि मंडळात सहा महिने खिल्ली उडवली असती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं प्रत्येकाने ऐकवलं असतं. त्या सहा महिन्यांच्या खिल्लीला वेंडेल भ्याला. आतून कपांचा आवाज जवळ आला, आणि त्याने नाणं पिशवीत सरकवलं, पिशवी पाकिटात घातली आणि पाकीट मखमलीवर ठेवून दिलं.

“काय, मास्तर?” मर्ल ट्रे घेऊन आला.

“लाखात एक आहे,” वेंडेल म्हणाला. आता रुमाल तोंडाशी होता. “उघडझाप करू नकोस. मे महिन्यापर्यंत असंच ठेव.”

नॉर्माने त्याच्या कपात साखर घातली, आणि दोन मिनिटांनी पुन्हा घातली. तो गोडमिट्ट कप त्याने शेवटपर्यंत प्यायला आणि घरी गेला. कदाचित थेंब सुती अस्तराने टिपले असतील, असं त्याने स्वतःला वाटेत तीनदा सांगितलं.

मे महिन्यात मंडळाची गप्प फेरी असते. दरवर्षी एक साल ठरवतात, ज्याच्याकडे त्या सालाचं नाणं असेल त्याने आणायचं. सगळी नाणी लांब टेबलावर ओळीने ठेवतात, आणि एकेक जण तोंड मिटून फेरी घालतो, दर्जाप्रमाणे क्रम लावून चिठ्ठी टाकतो. सगळ्यांच्या चिठ्ठ्या पडेपर्यंत खोलीत कुणी ब्र काढायचा नाही. या वर्षी १८२५चा अर्धा सेंट होता. अर्थातच मर्लसाठी. सगळ्यांना ठाऊक होतं की पहिला नंबर आधीच लागलाय, बाकीचे नुसते वऱ्हाडी.

मर्लने मास्तरांचा शब्द पाळला होता. फेब्रुवारीपासून पाकीट उघडलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता तो. त्याने पाकीट उघडलं, पिशवी कलती केली, नाणं मखमलीवर ठेवलं, आणि तसाच वाकून राहिला.

गालावर तीन काळे ठिपके होते.

नियम नियम असतो. कुणी बोललं नाही. माणसं एकामागून एक टेबलाभोवती फिरली, मर्लच्या नाण्यापाशी येऊन थबकली, वाकली, सरळ झाली आणि पुढे गेली. मर्ल हात खाली सोडून उभा होता आणि एकेकाचा चेहरा बघत होता. वेंडेलची पाळी आली तेव्हा त्यानेही भिंग लावलं. ठिपके कुठे असणार हे त्याला न बघताही सांगता आलं असतं. त्याने चिठ्ठीवर मर्लचं नाणं शेवटून दुसरं लिहिलं, कारण दर्जा म्हणजे दर्जा, आणि चिठ्ठी डब्यात टाकताना त्याला स्वतःचीच किळस आली.

शेवटची चिठ्ठी पडली. पहिला बोलला तो रॉस पेलेग्रिनो, ज्याला थट्टेवाचून श्वास घेता येत नाही.

“थुंकी आहे. कुणीतरी नाण्यावरच्या बाईसाहेबांशी गप्पा मारल्यात.”

“मी नाही,” मर्ल म्हणाला. “मी घेतलं तेव्हा पाहिलं, आणि फेब्रुवारीत वेंडेलला दाखवलं. बस.”

“मग मास्तरांना धरा,” रॉस म्हणाला. “मास्तर झोपेतसुद्धा तोंड मिटून घोरतात.”

सगळे हसले. मर्ल हसला नाही, पण तोही या थट्टेत सामील होता, कारण मास्तरांवर संशय घेणं ही थट्टाच होती. त्याने अगदी साधेपणाने विचारलं, “वेंडेल, तू पाहिलंस तेव्हा स्वच्छ होतं ना?”

“स्वच्छ होतं.”

“नक्की?”

“भिंगाखाली पाहिलं होतं मी, मर्ल. जे झालंय ते नंतर झालंय.”

रुमाल तोंडाशी धरून तो हे म्हणाला. म्हटलं तर पहिलं वाक्य खरंही होतं. हातात घेतलं तेव्हा नाणं स्वच्छच होतं. ‘नंतर’सुद्धा खरं होतं, ते बोलल्यानंतर झालं. पुढे कितीतरी दिवस वेंडेल या दोन वाक्यांना असं उलटंपालटं करून बघत राहिला, पण खोटं कुठल्याही बाजूने धरलं तरी खोटंच असतं.

तळघराच्या दुसऱ्या टोकाला नॉर्मा केक कापत होती. आयुष्यभर शाळेची खानावळ सांभाळलेली बाई. वीस माणसांचा केक डोळे मिटून सारखा कापायची. बोलणं अखंड. मर्ल तिच्याकडे गेला. त्याने आवाज चढवला नाही, पण खोली पुन्हा शांत झाली होती, सगळ्यांना ऐकू गेलं.

“नॉर्मा, माझ्या खणातलं ते पाकीट तू उघडलं होतंस?”

“मी? मी कशाला उघडू तुझं...” ती बोलता बोलता थांबली. सुरी केकमध्ये तशीच रुतलेली. गेल्या वर्षभरात असं किती वेळा झालं होतं, की तिने ‘मी नाही’ म्हणावं आणि वस्तू तिच्याच पर्समध्ये, तिच्याच उशीखाली निघावी. तिने मर्लकडे पाहिलं, एखाद्या जाणत्या माणसाला विचारावं तसं. “उघडलं असेल का रे मी?”

मर्लने केकमधली सुरी उपसून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “नाण्यांच्या खोलीत यापुढे जाऊ नकोस.”

“नाही जाणार,” नॉर्मा म्हणाली.

उरलेला केक रॉसने कापला. वेंडेलच्या वाट्याची फोड बशीत तशीच राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती आपल्या डोळ्यांसमोर लागते आहे आणि दोरी आपल्या हातात आहे, हे त्याला पुरतं कळत होतं. तोंड मात्र उघडलं नाही. ज्या दिवशी मिटायचं त्या दिवशी उघडलं, आणि ज्या दिवशी उघडायचं त्या दिवशी मिटलं.

पुढचं सगळं मर्लनेच त्याला सांगितलं, फाटकाशी उभं राहून, हप्त्याहप्त्याने. त्याने नाण्यांच्या खोलीला कुलूप घातलं. कोलंबसला लेकीला, शेरिलला, फोन केला. शेरिल आली, आईला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने तिला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. त्यातला एकच तिने ठेवला. मोटारीच्या किल्ल्या काढून घेतल्या. गॅसची शेगडी तिच्यासाठी बंद, मर्ल आता डबे गरम करतो.

“एका अर्थी त्या नाण्याचे उपकारच,” मर्ल म्हणाला. “साखर फ्रीजमध्ये, चपला ओव्हनमध्ये, आम्ही हसण्यावारी नेत होतो. नाण्याने डोळे उघडले.”

या वाक्याला वेंडेल आठवडाभर चिकटून राहिला. आजार तर खराच होता ना? आज ना उद्या कळलाच असता ना? मग आपण काय वाईट केलं? असं म्हणत तो पाव भाजायचा, अंगण झाडायचा, आणि मध्येच नॉर्माचं ‘उघडलं असेल का रे मी?’ कानात वाजलं की हातातलं काम खाली ठेवायचा. जूनच्या आणि जुलैच्या मंगळवारी तो तळघरात गेला नाही. पाठ धरलीय म्हणाला. दंतवैद्याकडे मात्र जाऊन आला. त्याने पाच मिनिटांत कवळी घासून बसवून दिली, आणि म्हणाला, “आधीच यायचं होतं.”

जुलैच्या अखेरीस एका सकाळी वेंडेल गॅरेजमध्ये खुर्चीचा पाय बसवत होता, तर दारात नॉर्मा. चार गल्ल्या उन्हात चालत आली होती. डोक्यावर मर्लची टोपी, हातात रुमालात बांधलेलं काहीतरी.

“मर्ल झोपलाय,” ती म्हणाली. “त्याला सांगू नकोस. वेंडेल, तू पोरांना शिकवायचास ना? मला शिकव.”

“काय शिकवू?”

“नाणं कसं धरायचं ते.” तिने रुमाल सोडला. आत एक साधी तांब्याची पेनी होती, हातांनी झिजून काळी झालेली. “ही माझीच आहे, पर्समधली. त्याच्यातलं काही घेतलेलं नाही मी. मला वाटलं, मला नीट धरता येतं असं त्याने पाहिलं तर तो कुलूप काढेल. संध्याकाळी मी त्या खोलीत विणकाम करत बसायची रे. तो त्याची नाणी बघायचा, मी विणायची. आता तो आत आणि मी बाहेर.”

वेंडेलने हात पुसले. नाही म्हणायला हवं होतं, आणि त्यापुढे आणखी बरंच काही म्हणायला हवं होतं. त्याने बाकावर फडकं पसरलं.

“कडेने धरायचं,” तो म्हणाला. “अंगठा आणि हे बोट. फडक्याच्या वर, म्हणजे पडलं तरी मऊ पडेल.”

“असं?”

“असं. आणि तोंड मिटायचं.”

नॉर्माने ओठ घट्ट मिटले. शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी ती बसली होती, पेनी दोन बोटांत, डोळे पेनीवर, श्वाससुद्धा रोखलेला. बोलक्या बाईचं ते मिटलेलं तोंड वेंडेलला बघवेना. मग तिने पेनी फडक्यावर ठेवली, नीट, आवाज न करता, आणि त्याच्याकडे पाहिलं.

“मी काय बोलले असेन रे?” तिने विचारलं.

“कधी?”

“त्या दिवशी. त्याच्या नाण्यावर. मी रोज आठवायला बघते. काहीतरी बोलले असणारच ना, त्याशिवाय थुंकी कशी उडेल? वाईट काही बोलले नसेन. एवढं सुंदर होतं म्हणतात. तुला काय वाटतं?”

वेंडेलला ते शब्द पाठ होते. तीन शब्द. तो खुर्चीच्या पायातल्या पाचरीकडे बघत म्हणाला, “सुरेख म्हणाली असशील.”

“हो ना?” नॉर्माचा चेहरा एकदम सैल झाला. “सुरेख म्हणाले असेन.” तिने पेनी रुमालात बांधली, त्याच्या दंडावर थोपटलं आणि म्हणाली, “तू फार भला आहेस, वेंडेल. बाकीचे माझ्याशी आता हळू हळू बोलतात.”

तिला घरापर्यंत पोचवून तो परत आला आणि गॅरेजचं दार लावून घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे त्याला सत्तरी उलटल्यावर कळलं. खोटं बोलला होता ते एक. आज त्या खोट्याला त्याने स्वतःच्या हाताने शब्द पुरवले होते.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो यॉस्टांकडे गेला. मर्ल सिंकशी कप विसळत होता, नॉर्मा खिडकीशी विणत होती. वेंडेल बसला नाही.

“मर्ल, ते मी केलं. फेब्रुवारीत. तू कॉफी करायला गेलास तेव्हा. नाणं हातात होतं आणि मी बोललो. तीन थेंब उडालेले मी डोळ्यांनी पाहिले, आणि पिशवीत घालून तुला परत दिलं. मे महिन्यात सगळ्यांसमोर खोटं बोललो. नॉर्माने तुझ्या पाकिटाला हात लावलेला नाही.”

मर्लने नळ बंद केला. कप उपडा ठेवला. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“नाण्याचं काही नाही,” तो म्हणाला. “नाणं गेलं तर गेलं. मला राग आला असता, आठ दिवस. पण मी हिला वीस माणसांसमोर विचारलं, वेंडेल. मी कुलूप घातलं. रोज संध्याकाळी ती दाराबाहेर खुर्ची टाकून बसते आणि मी आतून तिच्या सुयांचा आवाज ऐकतो. तू फाटकाशी उभा राहून हे सगळं ऐकलंस.”

“हो.”

“आणि परत घरी गेलास.”

“हो.”

“मला सांगून काय उपयोग? तिला सांग.”

वेंडेल नॉर्मासमोर गुडघ्यावर टेकला, तिच्या डोळ्यांत बघता यावं म्हणून. त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. नॉर्मा सुया मांडीवर ठेवून ऐकत होती. शेवटी तिने मान हलवली.

“नाही रे. मीच केलं ते. मला आठवतंय.”

“नॉर्मा, तुला आठवणं शक्य नाही. तू केलंच नाहीस.”

“आठवतंय मला,” ती शांतपणे म्हणाली. “मंगळवार होता. मर्ल न्हाव्याकडे गेला होता. माझ्या अंगात तो निळा स्वेटर होता. मी खण उघडला, पाकीट काढलं, खिडकीशी उजेडात धरलं, आणि म्हटलं, सुरेख. डॉक्टर मला पाच शब्द विचारतो ते मला सांगता येत नाहीत, पण हे मला लख्ख दिसतं.” तिच्या बोलण्यात थोडा अभिमानही होता. मग तिने वेंडेलचा हात हातात घेतला. “तू माझ्यासाठी स्वतःवर घेतोयस. मर्ल, बघ, मित्र असावा तर असा.”

मर्ल बघत होता. वेंडेलने त्याच्याकडे वर पाहिलं आणि ताबडतोब नजर खाली वळवली. त्याला कुणी शिव्या दिल्या असत्या, घराबाहेर काढलं असतं, तर ते त्याने प्रसाद म्हणून घेतलं असतं. ती त्याचा हात थोपटत होती, आणि तो सोडवून घ्यायची त्याची हिंमत नव्हती.

मर्ल त्याच्यामागून दारापर्यंत आला. कुलपाची किल्ली त्याच्या मुठीत होती. “मी आत्ता ते कुलूप काढतो,” तो म्हणाला. “पण तिच्या डोक्यात जे बसलंय ते मला काढता येणार नाही. ते तू घातलंयस. उद्या दहाला ये आणि पुन्हा सांग. परवा ये. तिला पटेपर्यंत येत राहा. माझ्याशी बोलू नकोस, तिच्याशी बोल.”

ऑगस्टच्या मंगळवारी वेंडेल तळघरात गेला आणि फळ्यासमोर उभं राहून मंडळालाही सांगितलं. रॉस पेलेग्रिनोला त्या दिवशी एकही थट्टा सुचली नाही. दर्जाचा निकाल आता मास्तरांकडे कुणी मागत नाही. ते वेंडेलला लागलं, आणि लागावंच असंही त्याला वाटलं.

रोज दहा वाजता तो यॉस्टांकडे जातो. नाण्यांच्या खोलीचं दार उघडंच असतं. मर्ल उठून दुसऱ्या खोलीत जातो, नॉर्मा त्याला खुर्ची देते, आणि वेंडेल सांगतो. कधी ती हसण्यावारी नेते, कधी त्याचीच समजूत काढते, कधी मध्येच विणकामातला टाका हरवला म्हणून गोष्ट तिथेच राहते. सप्टेंबरात एकदा मात्र तिने सगळं नीट ऐकलं. सुया बाजूला ठेवल्या. त्याच्या तोंडाकडे, नव्या कवळीकडे, पुष्कळ वेळ बघितलं.

“म्हणजे मी नाहीच,” ती म्हणाली.

“नाही.”

“आणि मी तुझ्याकडे आले होते. शिकायला. तेव्हा तुला ठाऊक होतं.”

“होतं.”

“आणि तू मला तोंड मिटायला शिकवलंस.”

 नॉर्मा उठली. “तू जा आता,” ती म्हणाली. “मला तुझं तोंड बघायचं नाही.” ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

रस्त्याने घरी येताना वेंडेल रडला, भर उजेडात, शेजारीपाजारी गवत कापत असताना. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा त्याला नीट श्वास घेता आला. तिला पटलं होतं. ती त्याच्यावर रागावली होती, आणि तो राग त्याचा होता, त्याच्या हक्काचा. तिने जन्मभर तोंड बघितलं नाही तरी चालेल, असं म्हणत तो घरी पोचला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्याने घाबरत घाबरत दार वाजवलं. नॉर्माने उघडलं. अंगात निळा स्वेटर होता. त्याला बघून तिला फार बरं वाटलं.

“वेंडेल, बरं झालं आलास,” ती आवाज खाली आणून म्हणाली. “कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मर्लचं ते नाणं आहे ना, लाल? ते मी खराब केलं.”

वेंडेलने टोपी काढली, खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सांगायला लागला.